लवू राऊळचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या डोंगराखालच्या चाळीत लवू राऊळ राहायला आला, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो तिथे राहतो आहे हेही कुणाच्या ध्यानात नव्हतं. माणूस काही वाईट नव्हता. सकाळी डबा घेऊन विक्रोळीकडच्या रंगाच्या कारखान्यात जायचा, संध्याकाळी नखांत कधी हिरवा, कधी तांबडा रंग घेऊन परतायचा, स्टोव्हवर भात शिजवायचा आणि दार ओढून घ्यायचा. बायको लग्नानंतर लवकरच गावाकडे तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणायला वडीलधारं कुणी उरलं नव्हतं, आणि आपणहून आपल्या लग्नाचा विषय काढील तो लवू कसला! चाळीत कुणी विचारलंच, “काय लवू, बरं आहे ना?” तर तो “हां” म्हणायचा. पुढचं वाक्य तो बोलायचा नाही आणि समोरचाही त्याची वाट बघायचा नाही. लोक म्हणत, याच्या तोंडात कायम मिठाची गुळणी असते.

या जगात त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण जानकी. आई गेली तेव्हा लवूला चालताही येत नव्हतं. जानकी त्याला कमरेवर घेऊन भात कांडायची, कमरेवर घेऊनच पाणी भरायची, असं गावात सांगत. मग तिचं लग्न झालं ते तेरेखोल नदीच्या पलीकडे, पेडण्याच्या बाजूला. नदीच्या अलीकडे सावंतवाडीतलं लवूचं गाव आणि पलीकडे पोर्तुगिजांचा मुलूख, पण ते नकाशावर. पोरींची लग्नं ठरवताना कुठल्याच बापानं मधे कुणाचं राज्य लागतं ते विचारलं नव्हतं. होडीला भरती-ओहोटी कशी मिळते एवढंच बघायचे. लवू लहानपणी मनात येईल तेव्हा होडीत बसून बहिणीकडे जेवायला जायचा. पुढे जानकीचा नवरा वारला, पोटी काही नव्हतं, आणि सासरच्या मोठ्या घरात ती एका कोपऱ्याला उरली. लवू मुंबईहून वर्षाला एकदा जायचा. चौपन्न सालच्या शिमग्याला गेला तेव्हा निघताना ती त्याला धक्क्यापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, “चवथीक ये हां. मी वाट बघतलंय.”

त्या वर्षीची गणेशचवथ यायच्या आत हद्द बंद झाली. गोवा सोडा म्हणून इकडे सत्याग्रह सुरू झाले होते, तिकडे पकडापकडी. होड्या ओढून काठावर पालथ्या घातल्या गेल्या. पत्र धाडायचं म्हटलं तर बहीणभावांना दोघांनाही अक्षरओळख नव्हती. बापजाद्यांपासून जी नदी होती, तिची एका पावसाळ्यात भिंत झाली. त्या चवथीला लवू चाळीत खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिला, आणि शेजारच्यांनी आरतीला बोलावलं तर पोट दुखतं म्हणाला.

घाटकोपरात तेव्हा मार्तंडराव गुप्ते नावाच्या वकिलांनी गोवा मुक्ती मंडळ काढलं. मार्तंडराव सरळ मनाचे, खादीचे, आणि बोलायला लागले की थांबायचं विसरणारे. स्टेशनाजवळच्या मैदानात त्यांची सभा झाली तेव्हा पुढे बसलेले सगळे कोकणातले लोक होते. कुणाची आत्या म्हापशाला, कुणाचा मामा डिचोलीला. मार्तंडराव वसाहतवाद आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांवर बोलत होते आणि लोक भक्तिभावानं जांभया देत होते. लवूच्या शेजारी त्याच्याच चाळीतला काशीराम परब बसला होता. पिठाच्या गिरणीत कामाला असल्यामुळे त्याच्या भुवया कायम पांढऱ्या. त्याला एकदम काय सुचलं कोण जाणे, भाषण संपल्यावर तो उठून म्हणाला, “वकीलसायब, आमच्या लवूचो बापूस गावचां गाऱ्हाणां घालायचो. लवूकय येता. घालूंदे तेका.”

गाऱ्हाणं म्हणजे देवाला चारचौघांत घातलेलं साकडं. कोकणात शुभकार्य असो की संकट, एक जण देवाला हाक मारून मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे “व्हय म्हाराजा” म्हणून दुजोरा देतात. लवूचा बाप सांगायचा, यात घालणारा कोण ते महत्त्वाचं नाही, व्हय म्हणणारे महत्त्वाचे. घालणाऱ्यानं स्वतः व्हय म्हणायचं नसतं. ते दुसऱ्याच्या तोंडून यावं लागतं, तेव्हा मागणं देवापाशी पोचतं. आणि एकदा व्हय पडलं की शब्द मागे घेता येत नाही.

लवू उभा राहिला. त्यानं चप्पल काढली, दक्षिणेकडे तोंड केलं, आणि त्या मुखदुर्बळ माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघाला की स्टेशनाकडे निघालेले लोक थांबले.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” दोघाचौघांनी सवयीनं म्हटलं.

“ही तुजी लेकरां मुंबयत पोट भरूक इली, पण तेंचा काळीज तुज्या पायाकडे आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“नदीच्या पलतडी जो परको येवन बसलोहा, तेका आपल्या घराची वाट दाखय!”

“व्हय म्हाराजा!” आता अख्खं मैदान.

“आमच्यो लेकी-भैणी थय अडाकल्योहत, तेंची वाट मोकळी कर!”

या वेळच्या व्हयाला माना हलल्या, पदर डोळ्यांना गेले. लवू खाली बसला तरी त्याच्या छातीत तो आवाज घुमत होता. इतकी वर्षं खोलीत कोंडलेलं दुःख त्यानं एका वाक्यात बाहेर टाकलं होतं आणि हजार माणसांनी ते आपलं म्हणून उचललं होतं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

तेव्हापासून मंडळाची सभा म्हणजे लवूचं गाऱ्हाणं असं समीकरण झालं. कुर्ल्याला, भांडुपला, मुलुंडला, जिथे सभा तिथे लवू. भाषणाच्या आधी येणारे लोक आता भाषणानंतर यायला लागले, आणि मार्तंडरावांना याचं वाईट वाटलं असलं तरी त्यांनी दाखवलं नाही. चाळीत बायका त्याला भाजी आणून देऊ लागल्या. मंडळाच्या कचेरीबाहेर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. लवूला वाचता येत नव्हतं, पण काशीरामनं त्यातला पहिला शब्द बोट ठेवून दाखवला, “ह्यो बघ गोवा.” तेवढा शब्द लवू शिकला. पाटीवरून नजर फिरवताना तो तेवढ्यावर थांबायचा.

पंचावन्नच्या पंधरा ऑगस्टच्या सत्याग्रहाला मंडळाची तुकडी निघाली, तीत लवूही होता. पण ती बांद्याला पोचेपर्यंत पलीकडे गोळ्या चालल्या होत्या, माणसं पडली होती, आणि जखमींना घेऊन येणाऱ्यांनी वाट अडवून यांना मागे फिरवलं. लवू पावसात उभा राहून दक्षिणेच्या डोंगराकडे बघत राहिला. तिथून जानकीचं घर एका दुपारच्या चालीवर होतं. मार्तंडरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पुन्हा येऊ, लवूभाऊ. मी शब्द देतो.” ते अगदी मनापासून म्हणाले. मनापासून दिलेल्या शब्दांनीच जगात जास्त फसगत होते, कारण खोटं बोलणाऱ्यावर निदान कुणी भिस्त ठेवत नाही.

पुन्हा कुणी गेलं नाही. सरकारनं सत्याग्रहींना हद्द ओलांडायची बंदी केली. तेवढ्यात मुंबई कुणाची हा प्रश्न पेटला आणि लोकांची सगळी वाफ तिकडे गेली. मंडळाच्या सभेला माणसं कमी होऊ लागली. कचेरीत मार्तंडरावांकडे आता जे कोणी येत ते गोव्याचं विचारतच नसत. डोंगराखालच्या नळाला पाणी येत नाही, गटार तुंबलंय, पायवाटेला दिवा नाही, असली कामं घेऊन येत. वकील माणूस, अर्ज लिहून द्यायचे, कधी काम व्हायचंही. लोक दुवा द्यायचे. हळूहळू त्या दुव्याची त्यांना गोडी लागली, आणि त्यांना तरी नावं कशी ठेवायची? गोवा काही त्यांच्या अर्जानं सुटणार नव्हता. नळ सुटत होता.

सत्तावन्न सालच्या कार्पोरेशनच्या निवडणुकीच्या आधी त्यांनी मंडळाची बैठक घेतली. “आपण पक्ष काढायचा,” ते म्हणाले. “लोकांचा विश्वास आहे, तो वाया का घालवायचा? नाव मुक्ती पक्ष. पाणीटंचाईपासून मुक्ती, डासांपासून मुक्ती, अंधारापासून मुक्ती.” टाळ्या पडल्या. लवूनं मागून विचारलं, “आणि गोवा, वकीलसायब?”

मार्तंडराव त्याच्याकडे वळले. “गोवा मनात आहेच हो. पण तो दिल्लीचा विषय. कार्पोरेशनात गोव्याचा ठराव कसा मांडणार?”  बाकीच्यांना ते पटल्यासारखं दिसलं.

नवी पाटी करायला वेळ नव्हता. होती तीच रंगवून घ्यायची ठरली, आणि रंग म्हटला की लवू. त्यानं कारखान्यातून निळ्याचा उरलेला डबा मागून आणला. शिडीवर चढला तेव्हा खालून काशीराम सांगत होता, “पयलो शब्द आणि शेवटचो शब्द उडय. मधलो ठेय.” शेवटचा शब्द लवूनं आधी उडवला. पहिल्यापाशी ब्रश थांबला. आयुष्यात वाचता येणारा एकच शब्द, आणि तो पुसायचं कामही त्याच्याच नशिबी यावं! काशीराम म्हणाला, “काय झाला रे?” लवू म्हणाला, “कायच नाय,” आणि निळा हात फिरवला. पांढरी अक्षरं एका हातात जाईनात, दुसरा द्यावा लागला. तिथे मग एका पेंटरनं पक्ष हा शब्द लिहून पाटी पुरी केली. आता पाटीवर लवूला काहीच वाचता येत नव्हतं.

आता एवढं झाल्यावर लवूनं तिथे पाऊल टाकू नये असं कुणालाही वाटेल. पण त्यानं जायचं कुठे? खोलीत? ज्यानं हजार माणसांचं व्हय ऐकलंय, त्याला भिंतीशी बसणं पूर्वीपेक्षा जड जातं. तो सभांना जात राहिला. मुक्ती पक्षाची निशाणी छत्री होती. आणि गरज पडली की लवूला पुढे करायचं हे तर ठरलेलंच, कामापुरता मामा. “बा देवा म्हाराजा, नळाक पाणी येवंदे,” लवू म्हणायचा आणि लोक हसत ओरडायचे, “व्हय म्हाराजा!” “छत्रीवर शिक्को पडांदे!” “व्हय म्हाराजा!” लहान पोरं तर तो “बा” म्हणाला की लगेच ओरडायला सुरुवात करायची. पुढे काय येतंय हे ऐकायची कुणाला गरजच उरली नव्हती.

प्रचाराची शेवटची सभा डोंगराखालच्या मैदानात, संध्याकाळची होती. कर्णा लावला होता, छत्र्यांची माळ बांधली होती. चवथ जवळ आली नव्हती की आणखी काही निमित्त नव्हतं. पण सभेच्या आधी एक बाई लवूला भेटली, मंडळाच्या पहिल्या सभेत जिनं डोळे पुसले होते तीच. ती म्हणाली, “लवूभाऊ, आज आमच्या गल्लीचा दिवा विसरू नका हं.” तिची आत्या म्हापशाला होती. लवूनं विचारलं, “आत्येचां काय कळला?” ती म्हणाली, “कुठली आत्या?” मग आठवून म्हणाली, “अगबाई, हो. नाही हो, काही नाही.” आणि गर्दीत पुढे जागा धरायला गेली.

लवू माईकसमोर उभा राहिला. नेहमीप्रमाणे चप्पल काढली. नळ मागितला, गटार मागितलं, बाईच्या गल्लीचा दिवाही मागितला. प्रत्येक मागण्याला मैदान उसळत होतं. मग तो थांबला. आपल्याला काय म्हणायचंय हे त्यालाही आधीपासून ठाऊक नव्हतं. एवढंच वाटत होतं की एकदा तरी कुणी तरी “नाही” म्हणावं.

“बा देवा म्हाराजा,” तो म्हणाला, “ह्या गडबडीत नदीपलतडचो गोवा आमी इसारलों!”

“व्हय म्हाराजा!”

लवूला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. त्यानं आवाज चढवला. “थय आमच्यो भैणी आसत, तेंचो आमका इसर पडलो!”

“व्हय म्हाराजा!” पोरं उड्या मारत होती. काशीराम स्टेजच्या कडेला हात वर करून सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता.

“तेंका आमी सोडून दिलां!”

“व्हय म्हाराजा!”

तिसऱ्या व्हयाला काशीरामचा वर गेलेला हात तसाच राहिला. त्याच्या पांढऱ्या भुवया वर चढल्या. बाकी कुणाच्या तोंडावरची रेषाही हलली नाही. वाजंत्री सुरू झाली. मार्तंडरावांना मालवणी नीटशी कळत नसे. ते पुढे येऊन लवूचे हात हातात घेऊन म्हणाले, “काय रंग भरलात हो, लवूभाऊ! सीट आली म्हणून समजा.” सीट आलीही. मुक्ती पक्षाची कार्पोरेशनात आलेली ती एकुलती एक सीट, आणि डोंगराखाली नळही पुढे आला. खोटं कशाला बोला.

लवू सभेतून एकटाच निघाला. त्याला राग आला नव्हता. राग यायला समोर कुणी दोषी लागतं. त्याला भीती वाटत होती. खोलीत बसून तो स्वतःला समजावत होता की ही नुसती सभा, देऊळ नव्हे. पण बापानं शिकवलेलं हाडांत मुरलेलं होतं. चप्पल काढून, दक्षिणेला तोंड करून, देवाचं नाव घेऊन त्यानं सांगितलं होतं, आम्ही तिला सोडली. आणि एवढ्या माणसांनी होय म्हटलं होतं. पहाट होईपर्यंत तो जानकीचं नाव मनातल्या मनात घेत राहिला.

सकाळी काशीराम आला. गिरणीत जायच्या वेळेला आला, म्हणजे खाडा करून आला होता. दारातच उभा राहिला.

“लवू, मी नीट आयकलंयच नाय रे. तोंडाक सवय लागलीहा.”

“तुजो एकट्याचो दोष नाय.”

“तसां नको म्हणू. मी सगळ्यांत मोठ्यान वरडलंय.” काशीराम आत आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “ता मोडूया. दुसरां गाऱ्हाणां घाल. मी आसंय ना व्हय म्हणूक.”

 लवूनं उठून हातपाय धुतले, उदबत्ती लावली, आणि खिडकी नसलेल्या दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काशीराम मागे हात जोडून उभा राहिला. मैदानात घुमणारा आवाज त्या खोलीत अगदी साधा, थकलेल्या माणसाचा निघाला.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“काल आमच्या तोंडातसून जा गेला, तेचो रोष माज्या भैणीवर धरू नको.”

“व्हय म्हाराजा.”

“तिका निरोगी ठेय. सासरची माणसां तिका दोन घास देवंदेत.”

“व्हय म्हाराजा.”

काशीरामला वाटलं, आता वाट मोकळी कर म्हणेल, भेट घडव म्हणेल. त्यासाठी त्यानं छातीत दम भरून ठेवला होता. लवू म्हणाला, “दर चवथीक ती धक्क्यार येवन बसत आसतली. माका बोललीहा, वाट बघतलंय म्हणान. ती बोललला मोडूची नाय.” त्यानं हात जोडले. “तिका माजो इसर पाड, म्हाराजा. आपणाक भाव होतो ह्या तिच्या मनातसून काढून टाक. तिचा वाट बघणां संपांदे.”

मागून व्हय आलं नाही. लवूनं मागे वळून पाहिलं. काशीरामच्या तोंडाचा आ तसाच होता.

“म्हण,” लवू म्हणाला.

“असलां खय कोण देवाकडे मागता?”

“काशी, म्हण रे.”

“माजी जीभ रेटणा नाय.”

“माका एकट्याक म्हणूक येणा नाय, नायतर मीच म्हटला असतंय,” लवू म्हणाला. त्यात दटावणी नव्हती, नुसती विनवणी होती. “काल इतक्यो जिभा रेटल्यो. तुजी एक रेट.”

काशीराम भिंतीला टेकला. रडू आलं ते त्यानं बाहीला पुसलं, पिठानं माखलेल्या बाहीनं डोळे आणखीच चुरचुरले. मग तो म्हणाला, इतकं हळू की लवूला त्याच्या ओठांकडे बघून ते समजून घ्यावं लागलं. लवूनं भिंतीला नमस्कार केला. कारखान्याला उशीर झाला होता. तो खाली बसून डब्यात भात भरू लागला.